लघुउद्योजकांसाठीचा कामगार कायद्याचा वर्ग : उपयुक्त, पण अपुरा

पुण्यातील एका कामगार कायदा सल्लागारांचा हा एकदिवसीय वर्ग शुल्काच्या मानाने उपयुक्त वाटला, कारण भविष्य निर्वाह निधी 20 आणि कर्मचारी राज्य विमा 10 कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पगारपत्रक समोर ठेवून समजावले. ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना केलेल्या सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेचे) गणित, म्हणजे अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला 26 ने भागून 15 ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणणे, आमच्या लेखापालांनाही (ते मान्य करणार नाहीत) येथेच नीट उमगले. मात्र मुदतबंद नेमणुकीतील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी देय ठरवणारी, 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेली सामाजिक सुरक्षा संहिता घाईघाईत उरकली गेली; ठरावीक मुदतीच्या करारावर माणसे नेमणाऱ्या आमच्यासारख्यांना नेमके तेच सविस्तर हवे होते.