बॉक्सचा नंबर खरा होता

आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर सांगताना जीभ अडखळायला नको. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाचे ३८,०००. तपासणीचे ८००. त्याच्या वाकलेल्या पिना सरळ करायला दिले ते १,५००. सीझन बुडू नये म्हणून दहा दिवसांत दुसरा बोर्ड घेतला, त्याचे २२,४००. आणि एका साखरपुड्याचं काम वेळेत देता आलं नाही म्हणून ॲडव्हान्स परत केला, १५,०००. बेरीज ७७,७००. घरी अजून पहिला आकडाच माहीत आहे.

मी डोंबिवलीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. जुनं मशीन रायझन ७ ३७००एक्सचं, २०१९ मधली पिढी. तीन कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज टाकलं की धापा टाकायचं. म्हणून या वर्षी नवीन बांधायचं ठरवलं. रायझन ९ ९९५०एक्स, १६ कोअर, ६४ जीबी रॅम. राहता राहिला मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर, रॅम सगळं ज्यावर बसतं तो.

इथे मला जरा बढाई मारू द्या, पुढे मारण्यासारखं काही नाही. तीन आठवडे मी बोर्डांचा अभ्यास केला. एक्स८७० आणि एक्स८७०ई या बोर्डांच्या दोन जातींत एका अक्षराचा फरक, पण ई-वाल्यावर चिपसेटच्या, म्हणजे बोर्डावरची जोडणी सांभाळणाऱ्या, दोन चिपा असतात, बिन-ई वर एकच, आणि ती एक म्हणजे खालच्या बी६५० जातीवर असते तीच. यूएसबी४ दोन्हींवर सक्तीचं आहे, पण त्याचा कंट्रोलर प्रोसेसरच्या चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, खातो. मग काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये, म्हणजे एसएसडीच्या खाचेत, एसएसडी लावली की यूएसबी४ अर्ध्या लेनवर येतं, काहींवर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट सोळावरून आठवर उतरतो. हे मॅन्युअलच्या तळटीपेत असतं, बॉक्सवर कधीच नाही. व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, त्याचंही तेच. १६ फेज, प्रत्येकी ९० अँपिअर, गुणाकार १,४४०. हा प्रोसेसर अगदी तोंड वासून मागणार त्याचा लहानसा हिस्सा. दोघांच्या संसाराला पंगतीचं पातेलं. तरी मी म्हटलं, रात्र रात्र रेंडर चालतो, बोर्ड गार राहिला पाहिजे. रॅमच्या चार स्टिक लावल्या तर डीडीआर५ चा अधिकृत वेग ३६०० वर घसरतो, म्हणून ३२ च्या दोनच घ्यायच्या, हेही ठरलेलं. दोन आकडी एरर कोड दाखवणारा डिस्प्ले हवा, बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे प्रोसेसर न लावता बोर्डाचं सॉफ्टवेअर बदलायचं, बटण हवं. एक्सेलमध्ये नऊ बोर्ड, बावीस रकाने.

आणि जो बोर्ड प्रत्यक्ष हातात आला तो तीन मिनिटंही नीट पाहिला नाही.

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला, तीन दुकानं फिरलो. चौथं पहिल्या मजल्यावर, जिन्यात रिकाम्या बॉक्सची थप्पी. ती थप्पी लक्षात ठेवा. काउंटरवरच्या पोराने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. बिलासकट ४४,८४०, बिलाशिवाय ३८,०००. फरक १८ टक्के जीएसटीचा, ६,८४० रुपये. “दादा, वॉरंटी सीरियल नंबरवर मिळते, बिलावर नाही.”

हो, कच्चं घेतलं. ज्यांना शिव्या द्यायच्या असतील त्यांनी इथेच देऊन घ्याव्यात, पुढे वाचताना अडथळा नको. त्या आठवड्यात रॅमचे भाव रोज चढत होते, तिथे वाचलेले सहा-सात हजार मोठे वाटले. आणि ज्याने घराचा रंगारी, सुतार, केटरर यांच्याकडून जन्मात कधी कच्ची चिठ्ठी घेतली नाही, त्याने मला शिकवावं. बाकीच्यांनी गप्प बसावं.

तसा मी अगदी बावळटही नाही. सेकंडहँड माल खपवतात, कस्टमरने परत केलेला पुन्हा पॅक करतात, हे आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी म्हटलं, वॉरंटी तपासल्याशिवाय पैसे देणार नाही. पोरगा हसला. “तपासा की. कंपनीच्या साइटवर टाका नंबर, तुमच्या फोनवरून, तुमच्या हाताने.” मी बॉक्सच्या बाजूचा नंबर टाकला. मॉडेल बरोबर, वॉरंटी तीन वर्षं, पूर्ण शिल्लक. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, सगळं असलेला स्टिकरही होता. सील नव्हतं. “मदरबोर्डला प्लास्टिकचं सील नसतंच, दादा.” हे खरं आहे, बऱ्याच बोर्डांना नसतं. मग त्याने राखाडी पिशवीतला बोर्ड अर्धा वर उचलून दाखवला आणि परत ठेवला. “बाहेर नको काढू या, इथे स्टॅटिक लागेल.” यातही अर्धं खरं. या लोकांची खासियत हीच, बोलतात त्यातलं निम्मं तुम्हाला आधीपासून पटलेलं असतं. यूपीआयचा क्यूआर दुकानाच्या नावाचा नव्हता, कुणा बाईंच्या नावाचा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘एमबी १ पीस, ३८०००’. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही.

नंबर बॉक्सचा तपासला. बोर्डाचा नाही. बोर्डाच्या कडेलाही तोच नंबर छापलेला असायला हवा, हे मला माहीत होतं. माहीत असून पाहिलं नाही.

पण तेही सोडा. मला रात्री झोप येत नाही ती घरच्या टेबलावरच्या दोन मिनिटांमुळे. मी एसएसडी आधी लावतो, कारण मोठा कूलर बसला की तिथे बोट जात नाही. एम.२ वरचा हीटसिंक उचलला. त्याच्या पोटाला उष्णता ओढून घेणारं थर्मल पॅड असतं, राखाडी, मऊ, आणि त्यावर पातळ पारदर्शक फिल्म असते, ती आपण सोलायची. फिल्म नव्हती. पॅडवर चार चौकोन उमटलेले होते, एक मोठा आणि तीन लहान, कडा अगदी स्पष्ट. एसएसडीच्या चिपांचे ठसे. एका कोपऱ्यात बारीक केस चिकटलेला.

मी ते पाहिलं. बोट फिरवून पाहिलं. आणि स्वतःला काय सांगितलं? फॅक्टरीत टेस्टिंग करत असतील. एवढं शहाणपण! फॅक्टरीत कोण माझ्यासाठी एसएसडी तासन्‌तास तापवून बसणार आहे? तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, दुसऱ्या दिवशी क्लायंट येणार होता, आणि माणसाला जे नको असतं ते त्याला दिसत नाही. त्या मिनिटाला सॉकेटवरची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवरची, काळी टोपी जागेवर होती. प्रोसेसर डबीत होता. बोर्ड तसाच पिशवीत घालून सकाळी परत नेला असता तर कुणाच्या बापाला म्हणता आलं नसतं की सॉकेटमधल्या पिना मी वाकवल्या. मी खटका उघडला, प्रोसेसर ठेवला, दांडी दाबली, टोपी टकदिशी उडून टेबलाखाली गेली. तिथे माझे पैसे गेले.

जुन्या एएम४ सॉकेटच्या पिढीला पिना प्रोसेसरच्या बुडाला असायच्या, त्यामुळे आम्ही जुनी माणसं प्रोसेसर उलटा करून पाहतो आणि सॉकेटकडे बघतही नाही. नव्या एएम५ ला १,७१८ पिना बोर्डावर आहेत, केसाएवढ्या. टॉर्च समोरून मारून उपयोग नाही, तिरका धरायचा. सगळ्या टोकांची चमक एका ओळीत दिसली पाहिजे, कुठे ओळ तुटली की समजायचं.

मशीन चालू केलं. स्क्रीन काळा, रॅमचा पिवळा दिवा लागलेला. डीडीआर५ पहिल्यांदा रॅमचं ट्रेनिंग करतं, काही मिनिटं जातात, हे मी वाचलेलं. चांगला चाळीस मिनिटं चहा पीत बसलो, वाचलेलं असं नडतं. अखेर चित्र आलं, तर ६४ ऐवजी ३२ जीबी. स्टिक अदलाबदल केल्या, तरी ३२. एक अख्खा चॅनल मेलेला. सकाळी ओळखीच्या टेक्निशियनकडे नेला, ८०० रुपये. त्याने प्रोसेसर काढून टॉर्च तिरका धरला आणि मान हलवली. दोन पिना आडव्या. खटक्याच्या आतल्या कडेला प्रोसेसरवर लावायच्या जुन्या पेस्टचा करडा डाग, मी वापरतो ती पेस्ट पांढरी आहे.

दुकानात तेच पोरगं. “दादा, प्रोसेसर बसवताना वाकवल्या तुम्ही.” मी डाग दाखवला, पॅड दाखवलं. “दादा, ते तर तुमच्या घरी झालं.” शेवटी ९,००० ला ‘स्क्रॅप म्हणून’ परत घ्यायला तयार झाला. म्हणजे तोच बोर्ड पुन्हा ३८ ला जाणार.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात टोकन घेऊन दोन तास. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्मवर लिहिलं ‘सीआयडी’. मला क्षणभर बरं वाटलं, म्हटलं तपास होणार. ते कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज निघालं, म्हणजे गिऱ्हाइकाने केलेलं नुकसान, म्हणजे मी. मग त्यांनी बोर्डाच्या कडेचा नंबर स्कॅन केला. शेवटचे चार आकडे बॉक्सपेक्षा वेगळे. हा नंबर भारतात विकलेल्या मालात नाही, असं तोंडी म्हणाल्या. मी म्हटलं, एवढंच लिहून द्या, बॉक्स एका बोर्डाचा आणि बोर्ड दुसरा, बाकी काही नको. “तसं लेखी देण्याची पॉलिसी नाही, सर.” ईमेल केले, सात. सातही वेळा डिअर कस्टमर आणि सॉकेटचा फोटो पाठवा. फोटो पहिल्याच ईमेलला जोडला होता.

पोलिसांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा हवालदारसाहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, वस्तू मिळाली ना? मिळाली. मग फसवणूक कसली? पैसे दिले, वस्तू मिळाली. हे दिवाणी आहे. मी म्हटलं, साहेब, नवी म्हणून जुनी दिली. “बिल आहे का?” दुसऱ्यांदा सांगितलं, दुकान आमच्या हद्दीत नाही. नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची सोय आहे, झिरो एफआयआर म्हणतात तिला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. हे मी फोनवर उघडून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच आरोपी. तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला, उद्या या. उद्या मला खारघरला शूट होतं. माणसाने धंदा करायचा की बाकावर बसायचं? मिक्सर चोरीला गेला असता तर पंचनामा झाला असता. मदरबोर्ड म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागते तिथे ३८,००० बुडाले हे कुणाला कळणार?

एक मित्र म्हणाला, जीएसटीवाल्यांना कळव. काय कळवू? साहेब, आम्ही दोघांनी मिळून कर चुकवला, पण त्यात याने मलाच गंडवलं?

१९३० वर फोन करून वेळ घालवू नका, तो ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर. तेव्हा मात्र जेवण टाकून पहिल्या तासात करा. अशा मालासाठी १९१५, ग्राहक हेल्पलाइन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. यूपीआयची पावती पुरावा म्हणून चालते, असं वकिलाने सांगितलं. फक्त ती कुणा बाईंच्या नावाची आहे, आणि त्या बाई दुकानाच्या कोण, हे मीच सिद्ध करायचं.

पिना सरळ करायला मायक्रोस्कोपवाला शोधला. त्याने सुई लावली, थांबला, आणि मला आयपीसमधून पाहायला लावलं. पिनेच्या गळ्याशी एक चरा होता. “ही आधी एकदा सरळ केलेली आहे. दुसऱ्यांदा टिकत नाही.” त्याने हळूच उचलली आणि ती तुटली. १,५०० त्याने घेतलेच, त्याचा दोष नाही, आधीच बजावलं होतं. बॉक्सचं कोडंही त्यानेच सोडवलं. असेंबल्ड पीसी घेणारी माणसं रिकामे बॉक्स दुकानातच टाकून जातात. नंबर खरा, वॉरंटी खरी, आतला बोर्ड कुणाच्या तरी कॅबिनेटमध्ये सुखाने चालू. जिन्यातली थप्पी आठवली. असेंबल्ड घेणाऱ्यांनो, बॉक्स घरी न्या, माळ्यावर टाका, नाहीतर फाडा, पण दुकानात सोडू नका.

हे लिहून द्याल का, असं मी त्यालाही विचारलं. “लेखी नाही देत, साहेब. त्याच बाजारात माझं रोजचं जाणं-येणं आहे.”

आणि हो, काउंटरवरच बोर्ड पिशवीतून पूर्ण बाहेर काढा. स्टॅटिकची भीती घालतील, कडेला धरा, काही होत नाही. बॉक्स, बोर्ड आणि बिल, तिन्हींवरचा नंबर एक. पॅडवरची फिल्म पाहा. टोपी काढायला लावा, दुकानदाराच्या हाताने, आणि तुमचा फोन व्हिडिओवर. नाही म्हणाला तर जिना उतरा. टोपी फेकू नका, ती नसेल तर क्लेम घ्यायला खळखळ करतात. माझी टेबलाखाली तीन दिवसांनी सापडली.

दुसरा बोर्ड बी८५० चा घेतला, पक्क्या बिलाने. ९९५०एक्स त्यावर निवांत चालतो. पातेलं लागलंच नाही.

जिल्हा आयोगात अर्ज दाखल झाला आहे. पहिल्या तारखेला दुकानातर्फे कुणी आलं नाही, पुढची तारीख पडली. त्या दिवशी कल्याणला एक हळद आहे, ॲडव्हान्स घेतलेली. ते शूट भाच्याकडे दिलंय.