सल्फाइट रिडक्टेझ: पोषणाचे आणि श्वसनाचे

सल्फाइटला सहा इलेक्ट्रॉन देऊन त्याचे सल्फाइड करणे हे काम सूक्ष्मजीवांमध्ये सल्फाइट रिडक्टेझ हे विकर करते. मात्र त्यामागचे हेतू दोन आहेत. पोषणाच्या प्रकारात, लातूर-धाराशिवकडील सोयाबीनच्या काळ्या रानातले कित्येक जिवाणू गरजेपुरतेच सल्फाइड तयार करून ते लगेच सिस्टीन या अमिनो आम्लात गुंफतात, त्यामुळे त्याचा वास येत नाही.

दुसरा प्रकार श्वसनाचा, आणि मला तोच अधिक विलक्षण वाटतो. डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागी सल्फेटवर श्वसन करून ऊर्जा मिळवतात; त्यात सल्फेटचे आधी सल्फाइट होते आणि मग या विकरामुळे सल्फाइड. मराठवाड्यातील साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्यांमध्ये मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सल्फेटयुक्त सांडपाण्याच्या बंद टाकीत त्यांना मोकळे रान मिळते, आणि बायोगॅसमध्ये सडक्या अंड्यासारख्या वासाचा, यंत्रे गंजवणारा हायड्रोजन सल्फाइड मिसळतो. या विकराकडून गंधकाचा अणू डीएसआरसी हे छोटे प्रथिन स्वीकारते. पोषणाच्या प्रकाराला त्याची गरज नसते.

सिरोहीम हा लोहयुक्त रेणू आणि लोह-गंधकाचा गुच्छ मात्र दोन्ही प्रकारच्या विकरांच्या गाभ्यात आहे. तरी टाकीतील हायड्रोजन सल्फाइड श्वसनातूनच येतो; म्हणून तो आटोक्यात ठेवायचा असेल, तर लक्ष श्वसनाच्या प्रकाराकडेच द्यायला हवे.