उसवलेली नव्हतीच ती विजार

सदाशिव पेठेत 32 वर्षं ब्लाउज-परकर शिवले. त्यामुळे कुठलाही कपडा हातात आला की मी आधी तो उलटा करते. इंग्लंडात नॉटिंगहॅमला लेकीकडे आले, तिने एका जुन्या वस्तूंच्या बाजारात नेलं, तिथेही तेच केलं. गाळ्याचं नाव लिहीत नाही, कारण चुका सांगायच्यात आणि बाई स्वभावाने चांगली आहे.

गाळ्यात सगळा पांढरा माल. अभ्रे, झबली, परकर, आणि दांडीला ओळीने टांगलेल्या बायकांच्या विजारी. हो, आत घालायच्याच. लेक कानाशी येऊन म्हणाली, "आई, कोणाची तरी जुनी चड्डी विकत घेणारेस?" म्हटलं, "घालायला घेतेय का मी?" चिठ्ठीवर लिहिलेलं : व्हिक्टोरियन, हाताची लेस, मधली शिवण उसवलेली म्हणून 22 ऐवजी 18 पौंड.

या एका चिठ्ठीत दोन चुका आहेत. एक माझ्या फायद्याची, एक तिच्या.

आधी माझ्या फायद्याची. शिवण उसवली की कापडाला सुईची भोकं राहतात. इथे दोन्ही कडांना आतून अर्ध्या बोटाची पट्टी लावून नीट बंद केलेलं. म्हणजे शिवण कधी नव्हतीच! दोन पाय सुटे, फक्त कमरपट्टीला जोडलेले. त्या काळी आत शेमीज आणि ही विजार, वर आवळलेला कॉर्सेट, त्यावर दोन-तीन परकर, मग झगा. कमरपट्टी कॉर्सेटखाली दबलेली. एवढ्या सरंजामात नाडी सोडून मोरीत कोण बसणार? म्हणून मधे उघडी. बंद विजारी सर्रास व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. चड्डीच्या एका नगाला इंग्रजीत 'पेअर' का म्हणतात, हे मला त्या दिवशी पटलं.

आता लेस. पायाच्या घेराला चार बोटं रुंद, भोकाभोकांच्या भरतकामाची पट्टी. आपण सरसकट हकोबा म्हणतो तसली. इकडे ब्रॉडरी आंग्लेझ. तिच्या वर पाच बारीक टक्स, मग दोन बोटांची जाळीची जोडलेस. जोडलेस लावायचं काम फार सुंदर आहे : लेस वरून शिवायची, मग मागचं कापड कापून काढायचं आणि कडा दुमडून टाकायच्या. एकही दोरा बाहेर आलेला नाही. मी पाच मिनिटं नुसती बघत होते.

पण हाताची? चष्मा लावून पाहिलं तर प्रत्येक फुलाच्या तिसऱ्या पाकळीचं भोक जरासं तिरकं. प्रत्येक फुलाचं! हाताने भरणारी बाई चुकते, पण दर फुलात त्याच जागी चुकत नाही. जुन्या स्विस मशीनवर एक माणूस मोठ्या नकाशावर काटा फिरवायचा आणि शेकडो सुया एकाच वेळी तेच छोट्या मापात भरायच्या. त्याचा हात जरा हलला की सगळ्या फुलांना तोच बाक. शिवाय उलट्या बाजूला दुसरा दोरा अडकलेला, आपल्या बॉबिनसारखा. म्हणजे शिफली. 1863 मध्ये आयझॅक ग्रोब्लीने ते मशीन काढलं, त्यातलं शटल होडीसारखं. स्विस बोलीत शिफली म्हणजे छोटी होडी. आमचा रविवार पेठेतला लेसवाला "मावशी, शिफलीत नवीन आलंय" म्हणायचा. तो शब्द स्वित्झर्लंडहून आलाय हे मला कुठे ठाऊक?

जोडलेससुद्धा मशीनचीच. आणि हे नॉटिंगहॅममध्ये लपवायचं? जॉन हीथकोटने 1808 मध्ये जाळी विणणारं मशीन काढलं. 1816 मध्ये लडाइट लोकांनी, म्हणजे मशीनं फोडत फिरणाऱ्या कामगारांनी, त्याचा जवळच्या लफबरोचा कारखाना फोडला, तेव्हा तो डेव्हनला निघून गेला. जॉन लीव्हर्सने 1813 मध्ये नॉटिंगहॅममध्येच त्याच्यापुढचं मशीन काढलं, त्यावरच पुढे नक्षी विणता येऊ लागली. लेस मार्केट या इथल्या जुन्या भागात स्टोनी स्ट्रीटवर 1855 ची अॅडम्स बिल्डिंग अजून दिमाखात उभी आहे, लेसच्या पैशावर बांधलेली. ज्या गावाने मशीनची लेस जगाला विकली, तिथे 'मशीनची' लिहायला कसली लाज?

कमरपट्टीवर लाल दोऱ्याने उलट्या टाक्यात दोन अक्षरं आणि 6 चा आकडा. लग्नात असे कपडे डझनावारी द्यायचे. धुण्यात हरवू नयेत आणि पाळीपाळीने वापरले जावेत म्हणून आकडे. भरतकामाच्या पट्टीच्या वरच्या कडेला जुन्या शिवणीची भोकंही दिसली. म्हणजे आधीच्या कपड्याचं कापड विरलं तेव्हा कोणीतरी पट्टी काढून या विजारीला लावली. आई आमच्या जुन्या परकराची क्रोशाची लेस अशीच उसवून नव्याला लावायची. कापड जायचं, लेस राहायची.

एक तक्रार मात्र खरी. डाव्या पायाला वीतभर लेस वेगळी वाटली. एक दोरा काढून काडी लावली : सुती असता तर राख झाली असती, हा वितळून कडक मणी झाला. नायलॉन. हे चिठ्ठीवर यायला हवं होतं. उकळून धुवायला म्हणून केलेल्या कपड्याला नायलॉनचं ठिगळ कसं चालेल?

पाचपैकी साडेतीन. शिलाईला पाच, चिठ्ठीला दोन.

पुढच्या शनिवारी जाऊन लेकीकरवी बाईला सगळं सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं, आभार मानले, चहा पाजला. मग दांडीवरच्या उरलेल्या तीन विजारींच्या चिठ्ठ्यांवरून 'उसवलेली' खोडलं आणि प्रत्येकीची किंमत 22 केली. 'हाताची लेस' तशीच ठेवली.