ऑफिसच्या प्रिंटरला पिन लावला, त्याला आठ महिने झाले

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं सीएचं ऑफिस. सर, आम्ही सहा जण आणि आर्टिकलची, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली काम शिकणारी चार पोरं, अशी अकरा माणसं आणि प्रिंटर एकच. प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन सगळं त्याच्यावरच. मी खरं तर अकाउंट्स बघते, पण कागद अडकला की हाक मलाच येते.

पिनची भानगड सुरू झाली एका ताळेबंदावरून. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीवाल्यांनी ट्रेमधून आपले कागद उचलून नेले आणि त्यांच्याखाली दुसऱ्या फौंड्रीवाल्यांचा ताळेबंद गेला. दोघं एकाच गिऱ्हाइकाला कास्टिंग देणारे. भल्या माणसानं तासाभरात स्वतः आणून दिला, पण तो तास सरांनी कसा काढला ते आम्ही बघितलंय. गंमत बघा, आयकराच्या पोर्टलवरून एआयएस, म्हणजे माणसाच्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी, उतरवलं की ती पीडीएफ पॅन आणि जन्मतारीख टाकल्याशिवाय उघडत नाही. आणि तेच छापून झालं की रिसेप्शनशेजारच्या ट्रेमध्ये उताणं पडलेलं.

जानेवारीत नवं मशीन घेतलं. कंपनीचं नाव सांगत बसत नाही; पिन टाकल्यावरच प्रिंट निघायची सोय ऑफिससाठीच्या बहुतेक मोठ्या मशीनमध्ये असते, नाव तेवढं वेगळं. बसवायला आलेल्या मुलानं ॲडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवला होता. "राहू दे की मॅडम, आम्हाला सर्व्हिसला सोपं पडतंय." त्याला सोपं पडतं, तसं सगळ्यांनाच पडतं, कारण तो पासवर्ड मॅन्युअलमध्येच छापलेला होता. मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, ब्राउझरमध्ये टाकायचा, पासवर्ड टाकायचा, की ॲड्रेस बुकपासून सगळं हातात. आमच्या वायफायचा पासवर्ड तर क्लायंट चहा पिता पिता मागून घेतात. मी त्याच संध्याकाळी ॲडमिन पासवर्ड बदलला. एक चिठ्ठी लिफाफ्यात घालून सरांच्या कपाटात ठेवली, बाकी कुणाला दिला नाही.

आता मुख्य गोष्ट. कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली की ती मशीनमध्ये थांबते. आपण जाऊन आपला पिन टाकायचा, मग कागद बाहेर. चार तासांत कुणी आलं नाही तर आपोआप पुसली जाते. ही वेळ आपल्याला ठरवता येते. ट्रेमध्ये बेवारस कागद पडणं जवळजवळ बंद झालं. नुसत्या ह्यासाठी मी मशीनला पैकीच्या पैकी देईन. तोटा एवढाच, की जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखेला मशीनपुढं रांग लागते आणि मागचा माणूस पिन टाकणाऱ्याच्या बोटांकडं बघत उभा असतो. लाईट गेली तर थांबलेल्या प्रिंटही जातात. आमच्या मशीनला हार्ड डिस्क नाही. पावसाळ्यात हे दोनदा झालं, तेव्हा मशीन यूपीएसवर घेतलं.

पहिल्या महिन्यात मात्र कुलूप होतं आणि खिडक्या उघड्या होत्या. पिन फक्त प्रिंटला लागला होता, झेरॉक्सला नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये वेगळी खूण करावी लागते. मोबाईलवरून दिलेली प्रिंट कुणाच्याच नावावर पडत नव्हती. ओळख नसलेलं काम नाकारायचं, असा पर्याय सापडला तेव्हा ते थांबलं. तिसरी खिडकी आम्हीच उघडी ठेवलेली: रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी 'पिन लक्षात ठेवा'वर टिक केली, त्यामुळं तिथं बसेल तो रिसेप्शन. आर्टिकलच्या चौघांना एकच पिन दिला, ही चूक माझी. महिन्याच्या हिशोबात त्यांच्या नावावर पानांचा ढीग, आणि विचारलं तर चौघंही छताकडं बघणार. नंतर कळलं, एकाच्या तालीम मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या आमच्याकडं छापल्या गेल्या होत्या. आता चौघांना चार पिन. गणपतीला पावत्या दुसरीकडं छापल्या.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं स्कॅननं. स्कॅन थेट फोल्डरमध्ये पाठवायचा तर मशीनला विंडोजचं युजरनेम आणि पासवर्ड द्यावा लागतो. आम्ही सरांचाच दिला. मार्चअखेरीला सरांनी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला आणि दोन दिवस स्कॅन बंद. मी केबल तपासतेय, राऊटर बंद-चालू करतेय! शेवटी 'स्कॅन' नावाचं वेगळं खातं काढलं, त्याला त्या एका फोल्डरपुरतीच परवानगी. तेव्हापासून शांत. ईमेलनं स्कॅन पाठवायला जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड मे २०२२ पासून चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि मूळ जीमेलचा पासवर्ड बदलला की तो रद्द होतो. हे मी जूनमध्ये शिकले, अर्थात स्कॅन बंद पडल्यावर.

डीलरबद्दल एक तक्रार आहेच. ड्रम बदलायला माणूस येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी माझा ॲडमिन पासवर्ड चालेना. कारखान्यातला टाकला, उघडलं. पठ्ठ्यानं मशीन रीसेट केलं होतं. सगळे पिन गेले, ४६ ईमेल पत्ते गेले. फोन केला तर म्हणे, "सेटिंगची कॉपी ठेवली नव्हती काय?" नव्हती. रात्री साडेआठपर्यंत बसून पत्ते परत भरले. आता दर महिन्याला मशीनच्या पेजवरून सेटिंगची फाईल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवते, आणि सर्व्हिसवाला आला की शेजारी खुर्ची टाकून बसते.

राहिले सर. केबिनमधून प्रिंट देतात आणि तिथूनच ओरडतात, "अगं, माझी प्रिंट काढ गं, पिन टाक," आणि पुढं पिनसुद्धा. समोर क्लायंट बसलेले असले तरी. तीनदा बदलून दिला. कार्ड टेकवलं की प्रिंट निघते असा रीडर ह्या मशीनला बसतो, डीलरकडून दर मागवलाय. सर म्हणाले, दिवाळीनंतर बघू.