अक्लेम की टीएचक्यू: जास्त चुकलं कोण?

इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाताना धाकट्याशी वाद झाला: कोणती गेम कंपनी जास्त मूर्खपणानं बुडाली?

अक्लेमचा सगळा भर स्टंटवर. ‘बर्नआउट २’ या गाड्या पळवायच्या गेमसाठी ब्रिटनमध्ये लोकांचे वेगाचे दंड भरायला निघाले, ‘शॅडोमॅन’च्या दुसऱ्या भागाची जाहिरात थडग्यांवर लावू म्हणाले! बर्नआउट झकास होता, बाकी बरेच गेम बेतास बात. २००४ मध्ये दिवाळं.

टीएचक्यूकडे मात्र ‘सेंट्स रो’ गेमसारखा खणखणीत माल होता. यूड्रॉ ही चित्र काढायची पाटी निन्टेंडोच्या ‘वी’ या गेमिंग कन्सोलवर खपली, म्हणून २०११ मध्ये एक्सबॉक्स-प्लेस्टेशनसाठीही काढली. सुमारे १४ लाख पाट्या पडून राहिल्या. डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, पुढच्याच महिन्यात लिलाव.

धाकटा अक्लेमला हसतो. मला राग टीएचक्यूचा येतो. चालतं दुकान घालवलं, भिया!