.३२ रिव्हॉल्व्हर की .३२ पिस्तूल: मोजक्या काडतुसांत कशाची खात्री पटते?

माझ्या मावसभावाची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. राहतो मळ्यातल्या वस्तीवर. शस्त्र परवाना हातात पडला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, "दादा, पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर?" दुकानात त्याला वजन, लांबी, किती गोळ्या बसतात हे सगळं सांगून झालं होतं. पण घेतलेलं हत्यार ऐन वेळी चालेल याची खात्री करायला किती काडतुसं लागतील आणि तेवढी त्याच्या वाट्याला येतील का, हे कुणी बोललं नव्हतं. मला विचाराल तर निवड इथूनच सुरू व्हायला हवी.

नऊ मिलिमीटर हा बोअर, म्हणजे नळीचं माप, आपल्याकडे सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित आहे. त्यामुळे बहुतेकांची निवड .३२ मध्येच होते. मात्र नाव एक असलं तरी काडतुसं दोन वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाला ठळक कड असलेलं, पिस्तुलाचं आखूड, ज्याला ७.६५ मिलिमीटर असंही म्हणतात. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती विकत घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. ज्या देशांत काडतुसं मुबलक मिळतात तिथले लोक नव्या पिस्तुलातून दोनशे गोळ्या एकही अडथळा न येता सुटल्याशिवाय ते कमरेला लावत नाहीत. आपल्याकडे अनेकांना वर्षभरात तेवढी मिळतही नाहीत.

दोनशेचा आकडा उगाच आलेला नाही. हिशोब सोपा आहे: एकही बिघाड न होता जितक्या गोळ्या सुटल्या त्या संख्येने तीनला भागायचं. पन्नास सुटल्या तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की शंभरात सहापेक्षा जास्त अडणार नाहीत. दोनशे सुटल्या तर शंभरात दीड. स्वतःच्या जिवासाठी बाळगायच्या वस्तूत शंभरात सहा ही शक्यता मला फार वाटते.

पिस्तुलात तर ही पन्नास काडतुसं आणखी वाटली जातात. तिथे तुम्ही एकट्या पिस्तुलाची परीक्षा घेत नसता. मॅगझिनची (गोळ्या भरायच्या पेटीची) स्प्रिंग, मॅगझिनच्या तोंडाच्या कडा, काडतुसाचा जोर आणि तुमच्या मनगटाची पकड, यातलं एक जरी कच्चं पडलं तरी पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, जात नाही किंवा रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागात, उभी अडकते. मॅगझिन दोन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीसच गोळ्या येतात. माझ्या स्वतःच्या पिस्तुलाने पहिल्या दिवशी तीन वेळा दगा दिला. मी हत्याराला दोष देत बसलो होतो. रेंजवरच्या प्रशिक्षकांनी दोन्ही मॅगझिनवर खडूने १ आणि २ लिहायला सांगितलं, तेव्हा तिन्ही वेळा २ नंबरच निघालं. त्याची एक कड किंचित आत वाकलेली होती. शिवाय .३२ पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडालाही बारीकशी कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की मॅगझिन जागच्या जागी अडतं आणि स्लाइड कितीही ओढली तरी सुटत नाही. म्हणून प्रत्येक काडतुसाची कड आधीच्याच्या कडेच्या पुढे राहील असं ते बसवायचं. एका हाताने, डाव्या हाताने आणि जरा ढिल्या पकडीनेही गोळ्या झाडून बघायच्या, कारण जखमी किंवा घाबरलेल्या माणसाची पकड तशीच असते.

रिव्हॉल्व्हरची बरीचशी परीक्षा एकही काडतूस न जाळता होते. आधी ते रिकामं आहे याची दोनदा खात्री करा आणि डमी (दारू नसलेली) काडतुसं भरा. ट्रिगर अगदी हळू ओढा. हॅमर पडण्याआधी सिलिंडर (काडतुसांची घरं असलेला फिरता भाग) जागेवर घट्ट बसायला हवा, आणि हे सहाही घरांवर बघा. आपल्याकडचे बरेच .३२ रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडतात. त्यांत नळी अडकवणारी कडी आणि बिजागरी ढिली नाही ना, हेही हलवून पाहता येतं. उघडताना झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडलं तर एखादी पुंगळी बाहेर काढणाऱ्या चांदणीखाली सरकते आणि मग सिलिंडर बंदच होत नाही. त्या चांदणीखाली दारूचा कणभर मळ राहिला तरी तेच.

मग खरी काडतुसं. छत्तीस झाडली की प्रत्येक घराला सहा गोळ्या मिळतात. सगळ्या हॅमर न चढवता, नुसता ट्रिगर ओढून झाडा. स्प्रिंग मऊ असेल तर कॅपवर (काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) हलका ठोका बसून गोळी न सुटण्याचा दोष तिथेच उघडा पडतो. गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा ट्रिगर ओढायचाच नाही, कारण गोळी नळीत अडकलेली असू शकते. हा नियम पिस्तुलालाही तितकाच लागू.

रेंजवर नव्हे, ऐन वेळी एखादं काडतूस सुटलंच नाही तर रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात दुसऱ्या हाताने स्लाइड ओढावी लागते, आणि ती सवय सरावाशिवाय अंगात भिनत नाही. उलट रिव्हॉल्व्हर आतून अडलं तर जागेवर काही करता येत नाही, कारागिराकडेच न्यावं लागतं. तरीही वर्षात पन्नासेक काडतुसं आणि रेंजवर दोन-तीन फेऱ्या एवढंच जमणार असेल तर मी रिव्हॉल्व्हरच घ्यायला सांगेन. रेंजवर नियमित जाणार असाल आणि परवान्यात काडतुसं पुरेशी असतील, तर पिस्तूल घ्या. ते चपटं असल्याने शर्टाखाली बरं बसतं.

चाचणी मळ्यात, विहिरीच्या कडेला किंवा गोदेच्या पात्रात करू नका. .३२ ची गोळी किलोमीटरभर जाऊ शकते आणि मधे वस्ती असते. क्लबमध्ये आधी विचारून घ्या. अनेक ठिकाणी फक्त दहा मीटरची एअर पिस्तूल रेंज असते, तिथे हे चालत नाही.

आणखी एक गोष्ट नाशिककरांना २०२४ मध्ये चांगलीच कळली. लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांच्या वेळी अनेकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. परत आलेलं हत्यार म्हणजे पुन्हा नवंच समजा. नळीतून उजेड बघा, जुनं घट्ट झालेलं तेल पुसा, पण चेंबरमध्ये तेल फवारू नका, ते कॅपमध्ये झिरपतं. पावसाळाभर घामाच्या कमरेला राहिलेली काडतुसं रेंजवर संपवा आणि बाळगायला त्याच लॉटची (एकाच खेपेत बनलेली), डब्यातली कोरडी भरा. मावसभावाने शेवटी रिव्हॉल्व्हर घेतलं. छत्तीसपैकी एकदा हलका ठोका पडला. स्प्रिंग बदलून आणली, आणि नवी छत्तीस सुटेपर्यंत ते कपाटात कुलपातच होतं.