आयफोन १७, सेज कलर: बागेत हरवला, बर्लिनमध्ये कामाला आला

दसऱ्याला घेतलेल्या फोनबद्दल आता लिहितेय, कारण मधे आमचा द्राक्षाचा सीझन होता आणि सीझनमध्ये आम्हाला जेवायलाही वेळ नसतो. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये एक्सपोर्टचं डॉक्युमेंटेशन बघते, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला. फोन म्हणजे माझं ऑफिसच आहे. कंटेनरचे फोटो, ब्रिक्सच्या म्हणजे द्राक्षातल्या गोडीच्या नोंदी, एजंटचे मेल, बँकेचे ओटीपी सगळं त्याच्यावर. त्यामुळे कॅमेऱ्याची चाचणी वगैरे इथे मिळणार नाही, रंग आणि सिम ह्या दोनच गोष्टींवर सविस्तर लिहिणारे, कारण घेताना ह्या दोन गोष्टींचा कोणी विचार करत नाही आणि मला नेमक्या ह्याच दोन नडल्या.

आधी दुकानाचं सांगते. एमजी रोडला गेले होते. पहिल्या दुकानात मला बॉक्स दाखवला, भाव बराच कमी, म्हणाला ताई बाहेरचा सेट आहे, सेम टू सेम. मी बॉक्स उलटा करून मॉडेल नंबर बघितला तर शेवटी एलएल/ए. भारतातल्या सेटवर एचएन/ए असतं, एलएल/ए म्हणजे अमेरिकेचा. आणि अमेरिकेच्या आयफोनला २०२२ च्या १४ सिरीजपासून सिमचा ट्रेच नाहीये, नुसतं ईसिम, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच बसवलेलं सिम. हे त्याने स्वतःहून सांगितलं नाही, मी विचारल्यावर म्हणाला आता सगळीकडे असंच येतं. तसं नाहीये हो. भारतात विकला जाणारा आयफोन १७ एक नॅनो सिम अधिक ईसिम असाच येतो, हवं तर दोन्ही ईसिमही चालू ठेवता येतात. फक्त तो बारीकवाला आयफोन एअर जगभर बिनट्रेचा आहे.

आणि हे दुबईवाल्यांसाठी मुद्दाम लिहिते, कारण नाशकात प्रत्येकाचा कोणी ना कोणी भाऊ, मेहुणा तिकडे असतो आणि येताना फोन आण रे असं आपण हक्काने सांगतो. १७ सिरीजपासून अमेरिकेसोबत यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, शिवाय जपान, कॅनडा, मेक्सिको इथलेही सेट ईसिम-ओन्ली झालेत. म्हणजे मेव्हण्याने प्रेमाने आणलेल्या फोनमध्ये तुमचं आत्ताचं कार्ड जाणारच नाही, आधी नंबर ईसिमवर न्यावा लागेल. प्रो मॉडेलमध्ये त्याचा एक फायदाही आहे, ट्रेची जागा वाचल्यामुळे बॅटरी थोडी मोठी बसवलीय, ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे १७ प्रोचा व्हिडिओ ३१ तासांऐवजी ३३ तास चालतो. मला वैयक्तिक त्या दोन तासांपेक्षा ट्रे जास्त मोलाचा वाटतो, का ते पुढे सांगते.

दुसऱ्या दुकानात मात्र काउंटरवरच्या पोराने मला पहिला प्रश्न विचारला, ताई फोन घेऊन कुठे कुठे फिरता? मी म्हटलं बागेत, पॅकहाऊसला, आणि वर्षातून एकदा परदेशात. तर म्हणाला मग भारताचाच सेट घ्या आणि ट्रेमधलं कार्ड काढू नका. बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, लिहून दिला, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून माझ्यासमोर जुळवून दाखवला, स्क्रीनवर ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ईसिमचा ओळख नंबर, येतो तोही दाखवला की ईसिमवाले हा मागतात. ८२,९०० ला २५६ जीबी, एक पैसा कमी केला नाही त्याने, पण मला तो भाव खटकला नाही.

आता रंग. १७ मध्ये काळा, पांढरा, मिस्ट ब्लू, सेज आणि लव्हेंडर असे पाच. मी सेज घेतला, आणि का घेतला ते सांगायला मला आवडेल. थॉमसन द्राक्षाच्या मण्यावर एक पांढुरकी साय असते ना, बोट लागलं की पुसली जाते आणि खालचा हिरवा उघडा पडतो, ती साय न पुसलेल्या मण्याचा जो रंग असतो तसाच हा रंग आहे. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तो राखाडी वाटतो, म्हणून मी बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन बघितला. रंग बघायचा तर उन्हातच बघा, दुकानातल्या लाइटमध्ये लव्हेंडर आणि मिस्ट ब्लू मला जवळजवळ सारखेच वाटले होते.

रंग सुंदर आहे पण माझ्या कामाला चुकीचा निघाला. जानेवारीत एका प्लॉटवर काढणीच्या आधी ब्रिक्स बघायला गेले होते, संध्याकाळची साडेसहाची वेळ, वेलींच्या मंडपाखाली तर अजूनच अंधार. गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर धरायला दोन्ही हात लागतात म्हणून फोन बोदावर, वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर ठेवला, तीन ओळी पुढे गेल्यावर लक्षात आलं. परत आले तर फोन नाही! पानं हिरवी, गवत हिरवं, फोनही हिरवा, आणि सायलेंटवर. पाऊण तास आम्ही चौघं वाकून वाकून शोधत होतो, मालकांच्या सूनबाई बॅटरी घेऊन आल्या, शेवटी एकाच्या फोनवरून माझ्या फाइंड मायमध्ये, म्हणजे ॲपलच्या फोन शोधायच्या सोयीत, लॉगिन करून आवाज वाजवला तेव्हा ठिबकच्या नळीला टेकून पडलेला सापडला. सायलेंटवर असला तरी फाइंड मायचा आवाज वाजतो, हे तेवढं लक्षात ठेवा. त्या पाऊण तासात मला एकच भीती होती, त्या दिवशीच्या कंटेनरची सगळी कागदं त्याच्यात होती.

आमच्या भाऊंकडे, म्हणजे पॅकहाऊसच्या मालकांकडे, १७ प्रो आहे तो कॉस्मिक ऑरेंज. एमजी रोडला त्याला कोणी कॉस्मिक ऑरेंज म्हणत नाही, सरळ भगवा म्हणतात, भगवा आहे का, भगवा कधी येणार असंच विचारतात. मला आधी तो फार भडक वाटला होता. पण बागेत, पॅकहाऊसच्या पांढऱ्या टेबलावर, गाडीच्या काळ्या सीटवर, कुठेही टाका, नजर फिरवली की दिसतो. मी शेवटी माझ्या सेजला नारिंगी सिलिकॉन कव्हर घातलं आणि आवडीचा रंग आत झाकला गेला, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. ट्रान्सपरंट कव्हर घाल असं सगळे सांगतात पण ते आमच्याकडे उन्हात दोन महिन्यात पिवळं पडतं, मग आतला सेज आजारी दिसतो.

काळा मी घेतलाच नसता. मार्चमध्ये डॅशबोर्डवर काळा फोन दहा मिनिटं ठेवून हात लावून बघा. ह्या फोनचा डिस्प्ले मात्र उन्हात फार छान दिसतो, बाहेर ३००० निट्सपर्यंत जातो म्हणतात, ते निट्स मला कळत नाहीत पण भर दुपारी मंडपाच्या बाहेर उभं राहून एक्सेलची शीट वाचता आली हे मला पुरेसं आहे.

आता सिमचं. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका असतं, फळांच्या धंद्यातलं मोठं प्रदर्शन, तिथून पुढे रॉटरडॅमला जायचं होतं कारण आमचा माल न्हावा शेव्याहून निघून तिथेच उतरतो. मागच्या खेपेला जुन्या फोनवर मी तिकडचं कार्ड घेतलं होतं. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमला ओळख पटवल्याशिवाय ते चालूच होत नाही, तेव्हा पासपोर्ट दाखवा, व्हिडिओवर चेहरा दाखवा असं करत माझा पहिला दिवस गेला. आणि कार्ड बदलताना पिन नव्हती म्हणून कानातल्याच्या दांडीने ट्रे उघडला, आपलं भारताचं नॅनो सिम, जेमतेम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचा तो तुकडा, कागदात गुंडाळून पासपोर्टच्या कव्हरमध्ये चिकटपट्टीने लावून ठेवलं आणि दहा दिवस दर रात्री ते आहे ना हे चाचपून बघितलं. त्या दहा दिवसांत बँकेचा एकही ओटीपी आला नाही, येणार कसा, सिम तर पासपोर्टमध्ये. एका शिपिंग लाइनचं पेमेंट नवऱ्याच्या अकाउंटवरून करावं लागलं होतं.

ह्या वेळी दुकानातल्या पोराचं ऐकलं. भारताचं कार्ड ट्रेमध्ये तसंच राहू दिलं आणि वर युरोपचं डेटाचं ईसिम टाकलं. घरी वायफायवर बसून, निघायच्या तीन दिवस आधी. क्यूआर मेलवर आला होता तो झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणला, कागदावरून स्कॅन केला, दोन मिनिटांत झालं. ज्या फोनवर टाकायचंय त्याच फोनवर क्यूआर उघडला तर तो त्याच्याच कॅमेऱ्याने स्कॅन करता येत नाही म्हणून प्रिंट बरा, आणि फोनला काही झालं तर कागद हातात राहतो. त्यावर कंपनीचा हेल्पलाइन नंबरही मी पेनने लिहून ठेवला.

बर्लिनला उतरल्यावर ईसिमची लाइन चालू केली, सेल्युलर डेटासाठी तीच निवडली, त्या लाइनचं डेटा रोमिंग ऑन, भारताच्या लाइनचं ऑफ. आणि एक सेटिंग फार महत्त्वाचं, अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग नावाचं, ते बंद करायचं, नाहीतर एका सिमची रेंज गेली की फोन आपलं आपण दुसऱ्यावर उडी मारू शकतो आणि मग बिल बघून घाम फुटतो. भारताच्या नंबरचं रोमिंग निघायच्या आधी चालू करून घेतलं होतं, नुसतं एसएमएस येण्यापुरतं. फोन उचलायचे नाहीत, वाजू द्यायचे आणि व्हॉट्सॲपवरून उलटा करायचा. व्हॉट्सॲप नंबर बदलत नाही, ईसिम नुसतं डेटाचं असतं, त्याला बहुतेक वेळा नंबरच नसतो, हे आईला समजवायला मला अर्धा तास लागला कारण तिला वाटत होतं की तिकडचा नंबर तिने सेव्ह करायला पाहिजे.

सगळे ओटीपी आले. बर्लिनच्या हॉलमध्ये उभं राहून मी नाशिकच्या बँकेचं पेमेंट केलं. ट्रेनने हॉलंडमध्ये शिरलो तेव्हा नेटवर्कचं नाव बदललं, बाकी काही करावं लागलं नाही, युरोपचं पॅक होतं म्हणून.

भाऊंचं मात्र उलटं झालं. त्यांनी मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी आपला मुख्य नंबरच ईसिमवर नेला, म्हणजे ट्रे मोकळा राहील आणि तिकडचं कार्ड टाकता येईल असा त्यांचा हिशेब. आता नियम असा आहे की सिम बदललं किंवा कार्डावरून ईसिमवर गेलं की पुढचे २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक होऊ नये म्हणून. नियम योग्यच आहे, कोणी तुमचा नंबर लबाडीने स्वतःच्या फोनवर वळवला तर तेवढा वेळ खातं वाचतं. पण ज्या माणसाने त्यांना फोनवर सगळी प्रोसेस सांगितली त्याने हे एक वाक्य सांगितलं नाही. परदेशात वापरायच्या फॉरेक्स कार्डमध्ये पैसे भरायचे राहिले होते, ओटीपी येईना. घोटीच्या पुढे समृद्धीवर आमची गाडी चाललीय आणि भाऊ मागच्या सीटवर रिसेंड, रिसेंड करतायत, मी त्यांना सांगतेय की भाऊ आज संध्याकाळपर्यंत नाही येणार तो. तिथे पहिले दोन दिवस त्यांचा खर्च माझ्या कार्डावर झाला. तेव्हा मुख्य नंबर ईसिमवर न्यायचाच असेल तर प्रवासाच्या आठवडाभर आधी न्या. आणि कोणी समोरून फोन करून तुमचं ईसिम करून देतो म्हणालं तर ठेवून द्या.

ईसिमची एक बाजू मला अजून आवडत नाही. कार्ड असलं की फोन फुटला तर ते काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये घालता येतं, दोन मिनिटांचं काम. ईसिमचं तसं नाही, परत इंटरनेट पाहिजे, परत ॲप, परत ओळख, आणि बरेचसे क्यूआर एकदाच चालतात, चुकून डिलीट केलं तर गेलं. म्हणून माझा मुख्य नंबर कार्डावर आणि प्रवासाचा डेटा ईसिमवर, हे मी आता बदलणार नाही. आणि प्रवासाचं ईसिम घेताना विकणाऱ्याला भारतात परवानगी आहे का ते बघा, २०२४ च्या जानेवारीत सरकारने अशी दोन मोठी परदेशी ॲप्स इथे बंद करायला लावली होती.

देशातल्या देशात फिरणाऱ्यांचा एक गैरसमज आहे तोही लिहिते. काश्मीर, वैष्णोदेवी, अमरनाथला बाहेरचं प्रीपेड चालत नाही, ते कार्ड असो की ईसिम, काही फरक पडत नाही. तिथे पोस्टपेड लागतं. आमच्या गल्लीतला एक ग्रुप खास ईसिम करून गेला आणि कटऱ्याला सगळ्यांचे फोन गप्प.

आई मे महिन्यात वैष्णोदेवीला चाललीय. तिचा नंबर मी पोस्टपेड करून घेतला, कार्डच ठेवलंय. फोनही नवा घ्यायचाय तिला, आयफोन नको म्हणते, साधा चालेल पण रंग जांभळा पाहिजे, पर्समध्ये हात घातल्यावर सापडतो म्हणून. येत्या रविवारी तिला घेऊन त्याच दुकानात जातेय, आणि फोन हातात घेऊन आधी बाहेर उन्हात नेणार आहे.